पलटणीत लेक धाडताना

आमच्या लष्करी परंपरेविषयी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. अर्ज लिहिले गेले, निवेदने छापली गेली, भाषणे झाली, स्मरणिका निघाल्या. कोरेगावचा स्तंभ, बंद झालेली भरती, पुन्हा उघडलेली भरती, महार रेजिमेंटची कामगिरी या साऱ्यांची नोंद कमीअधिक प्रमाणात आपल्यापाशी आहे. या नोंदीत दोन माणसे मात्र कोठे दिसत नाहीत. पोरगा घरातून निघाला त्या दिवशी उंबऱ्यात उभी राहिलेली त्याची आई, आणि स्टेशनापर्यंत त्याची ट्रंक डोक्यावरून वाहून नेणारा त्याचा बाप. ती दोघे घरी परतल्यावर त्यांचे काय झाले, हे आमच्या इतिहासाने विचारलेले नाही.

हा प्रश्न भावुकपणाचा आहे, असे काही कार्यकर्ते म्हणतील. मला तसे वाटत नाही. सैन्यात जाणाऱ्या मुलाचे दुःख सगळ्याच आईबापांना होते. पाटलाच्या वाड्यातही होते आणि मांगवाड्यातही होते. पण पाटलाच्या पोराला सैन्यात घ्यावे म्हणून कोणाला अर्ज करावे लागले नव्हते. आमच्यासाठी भरती हा हक्काचा प्रश्न होता. जो दरवाजा उघडावा म्हणून समाजाने जवळजवळ पन्नास वर्षे सरकारच्या पायऱ्या झिजवल्या, तो उघडल्यानंतर आत निघालेल्या लेकराचा हात धरून ठेवणार कोण? रडायचे, तर कोणत्या तोंडाने? आमच्या आईबापांच्या वाट्याला आलेली ही अडचण सामाजिक आहे, आणि म्हणून ती इतिहासाचाच भाग आहे.

आरंभ मागून करायला हवा. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महारांची भरती मोठ्या प्रमाणात होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतली ‘नाक’ने संपणारी नावे आपण दरवर्षी तेथे जाऊन वाचतो. त्या काळात पोरगा पलटणीत जाणे म्हणजे अनोळखी मुलखात फेकला जाणे नव्हते. तेथे चुलता असे, मामा असे, गावचा कोणीतरी हवालदार असे. खुद्द बाबासाहेबांचे घराणे पाहा. आजोबा मालोजी लष्करात, वडील रामजी लष्करात सुभेदार, आई भीमाबाईंचे माहेर मुरबाडकरांचे, तेही लष्करी घराणे. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी झाला तोसुद्धा महूच्या छावणीत. शिपायांच्या मुलामुलींना शिकवण्याची सोय पलटणीत होती. रामजी तर लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्त झालेले पेन्शनर कोकणात दापोलीच्या कॅम्पात वस्ती करून राहात. अशा घरात आई मुलाला धाडते तेव्हा तिला छावणीची शिट्टी ठाऊक असते, कवायतीचे मैदान ठाऊक असते, पगार केव्हा होतो आणि आजारी पडल्यावर कोठे नेतात हे ठाऊक असते. दुःख तेव्हाही असणारच. पण त्या दुःखाला पत्ता होता.

१८९२ च्या सुमारास ही वाट बंद झाली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी विभागणी ब्रिटिश लष्करशहांनी पक्की केली. लॉर्ड रॉबर्ट्स हा सरसेनापती या मताचा मोठा पुरस्कर्ता. महार बिनलढाऊ ठरले. पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध विनंतिअर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्याकडे दाद मागितली. या अर्जांची भाषा इमानाची आहे, पूर्वजांच्या पराक्रमाची आहे, आणि ती तशी असणे भागच होते. सरकारला जी भाषा कळते त्याच भाषेत अर्ज लिहावा लागतो. ‘आमची पोरे लढतील, मरतील, मागे हटणार नाहीत’ हे एकदा लिहून दिले की ‘आमच्या पोरांची आम्हाला काळजी वाटते’ हे वाक्य लिहिता येत नाही. मला वाटते, आमच्या घराघरांतली चूप बसण्याची सवय या अर्जांच्या काळापासूनची आहे.

भरती बंद झाल्याचा दुसरा परिणाम कोणी फारसा ध्यानात घेत नाही. नोकरी गेली, पेन्शन गेली, शिक्षण गेले हे खरेच. पण त्याबरोबर घरातले ज्ञानही गेले. एका पिढीचा खंड पडला. छावणी पाहिलेली माणसे म्हातारी झाली, मेली. मागे राहिले ते बिल्ले आणि गोष्टी.

येथे बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग मला थांबवतो. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. महाराच्या मुलाला लेफ्टनंटचा हुद्दा! ज्या समाजाची शिपाईगिरी वीस वर्षांपूर्वी हिरावली गेली होती त्या समाजातल्या सुभेदार बापाला याहून मोठा आनंद कोणता? पण रामजींना ही नोकरी पसंत नव्हती. त्यांनी मुलाला बडोद्याला जाऊ नकोस असेच सांगितले होते. मुलगा गेला. थोड्याच दिवसांत तार आली, वडील अत्यवस्थ आहेत. परतीच्या प्रवासात भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतेच्या स्टेशनवर उतरले आणि गाडी चुकली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले.

हा प्रसंग सांगताना आपण सुरतेच्या मिठाईपाशी हळहळतो आणि पुढे जातो. मला विचार करावासा वाटतो तो रामजींच्या नकाराचा. हा बाप भित्रा नव्हता, अडाणी नव्हता. जन्म पलटणीत घालवलेला माणूस. गणवेश म्हणजे काय हे त्याला जितके कळत होते तितके त्या घरात कोणालाच कळत नव्हते. इंग्रजांच्या पलटणीत निदान आपली माणसे होती. संस्थानी फौजेत आपला पोरगा एकटा पडेल, हुद्दा असला तरी जात हुद्द्याच्या पुढे चालेल, हे त्याने ओळखले असावे. पुढे बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला परतले तेव्हा त्यांना राहायला जागासुद्धा मिळाली नाही, हे आपण जाणतोच. तेव्हा रामजींची काळजी ही बापाची माया तर होतीच, पण ते समाजाचे अचूक निदानही होते. आईबापाच्या भीतीला आपण नेहमी दुबळेपणा समजतो. तिच्यात पुष्कळदा असे शहाणपण दडलेले असते.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला बिनलढाऊ जातींची आठवण झाली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२० मध्ये ती ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळली आणि १९२१ मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो. चार वर्षांत पोरे गेली आणि चार वर्षांत परत गावात, महारकीच्या कामाला.

मग १९४१ आले. बाबासाहेबांची संरक्षणविषयक सल्लागार समितीवर नेमणूक झाली, आणि त्यांनी सैन्यात भरती व्हा असे समाजाला आवाहन केले. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, दुसरी कामठीला. टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. येथून पुढे मी जे सांगणार आहे ते कागदपत्रांतले नाही. माझे वडील १९४२ साली बेळगावच्या भरतीला गेले, आणि त्यांच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, ते कसे सोसले हे मी तिच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. घरात पलटण कोणी पाहिलेली नव्हती. आजीच्या मनात सैन्य म्हणजे गोऱ्यांचा मुलूख आणि तोफा एवढेच. पण पहिली अडचण तोफांची नव्हती, येसकरकीची होती. महारकी वतनात घरांनी पाळीपाळीने गावकाम करायचे. माझ्या आजोबांची पाळी वडीलच काढत असत. पोरगा निघाला हे कळताच पाटलाने विचारले, ‘पाळी कोण काढणार?’ आजोबांचे वय झाले होते. आजी म्हणाली, ‘म्या काढीन.’ ती खरेच चावडीवर गेली, सारा पोहोचवायला धावली, मेलेले जनावर ओढायला दिरांना बोलावून आणले. लेक गेल्याचे दुःख करायला तिला वेळच मिळाला नाही, असे ती हसत सांगायची. ते हसणे मला लहानपणी समजले नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाविरुद्ध विधेयक आणले होते. वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कायद्याने. मधल्या तीस वर्षांत सैन्यात गेलेल्या प्रत्येक पोराच्या मागे गावात एक पाळी रिकामी पडत होती, आणि ती कोणत्या तरी म्हाताऱ्याने नाहीतर बाईने भरून काढलेली असणार.

दुसरी गोष्ट पत्राची. वडिलांचे पत्र दीड-दोन महिन्यांनी येई. महारवाड्यात त्या वेळी वाचणारा कोणी नव्हता. वडील स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, तेच गेले होते. पत्र वाचायला मास्तरांकडे जावे लागे. मास्तर ओसरीवर बसत, आजी खाली अंगणात उभी राही. अंतर राखायचे म्हणून मास्तर मोठ्याने वाचत. येणारे-जाणारे थांबून ऐकत. ‘आई, मला इथे झोप येत नाही’ असे एकदा वडिलांनी लिहिले होते. ते वाक्य साऱ्या आळीने ऐकले, आणि पुढे कित्येक दिवस पोरे आजीच्या मागे तेच वाक्य ओरडत फिरली. आजीने उलट निरोप लिहवून घेतला: ‘असले काही लिहू नकोस. खुशाल आहे एवढेच लिही.’ पुढची चार वर्षे वडिलांच्या प्रत्येक पत्रात ते खुशालच होते. सरहद्दीवर असतानाही खुशाल. लष्कर युद्धकाळात पत्रे तपासत असे, हे इतिहासात नमूद आहे. आमच्या घरी आणखी एक तपासणी होती, ती गावाच्या अंगणाची.

आजीचा आधार म्हणजे मरीआई. तिला कोंबडे बोललेले होते. वडील १९४६ मध्ये सुखरूप आले आणि कोंबडे दिले गेले. भीतीचे एक टोक माणसाच्या हातात, दुसरे देवीच्या हातात, अशी ती व्यवस्था होती. ती खोटी होती हे आपण जाणतो. पण रात्री दोन वाजता जाग आल्यावर माणसाला काहीतरी करायला देणारी होती, हेही मान्य केले पाहिजे.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरातले देव विहिरीत गेले. आजीनेच टाकले. या घटनेचे अनेक अर्थ आपण सांगितले आहेत. मला येथे एकच, अगदी घरगुती अर्थ सांगायचा आहे. नवसाची सोय संपली. १९७७ साली माझा धाकटा भाऊ भरती झाला. मधल्या काळात रेजिमेंट सर्व जातींना खुली झाली होती आणि तिचे प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात सागरला होते. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, आणि बिनावरून पुढे जाणारी गाडी. तो गेला त्या रात्री माझ्या आईपुढे प्रश्न उभा राहिला, आता बोलायचे कोणाशी? बुद्धापुढे मागता येत नाही. बाबासाहेबांपुढे तर त्याहून नाही. ती मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणायची आणि पुढे गप्प बसून राहायची. आमच्या प्रबोधनाने आईबापांच्या हातातली काठी काढून घेतली. काढायलाच हवी होती. परंतु तिच्या जागी काय द्यायचे याचा विचार विहारांतून, मंडळांतून, आपल्या नियतकालिकांतून किती झाला?

आईने मग स्वतःच एक मार्ग शोधला. वस्तीतल्या रात्रशाळेत जाऊन ती अक्षरे शिकली. वय पंचेचाळीसच्या पुढे. माझ्याकडून पत्र वाचून घेणे तिला नको होते. मी शिक्षक, पण मीही एक प्रकारचा मास्तरच की! तिला लेकाचे पत्र कोणाच्याही आवाजाशिवाय वाचायचे होते. पाचव्या-सहाव्या महिन्यात तिने पहिले आंतरदेशीय पत्र स्वतः वाचले, बोट ठेवून, अर्धा दिवस लावून. आणि तिला पहिल्यांदा कळले की पोराची भाषा बदलली आहे. ‘लंगर’, ‘उस्ताद’, ‘रगडा’, ‘छुट्टी’. रगडा म्हणजे काय, असे तिने वडिलांना विचारले. ‘शिक्षा. रांगायला लावतात, पळवतात,’ ते म्हणाले. त्या दिवशी तिने जेवण केले नाही. पुढे भावाचा पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’ असा झाला. गावाचे नाव नाही, जिल्हा नाही, नुसता आकडा. आईला तो आकडा फार टोचे. छावणी ओळखीची असलेल्या जुन्या घरांच्या दुःखाला पत्ता होता असे मी वर म्हटले. माझ्या आईला तो कधी मिळालाच नाही.

वडिलांची रीत वेगळी. भरतीचा कागद आल्यापासून निघायच्या दिवसापर्यंत त्यांनी भावाला बूट चमकवायला शिकवले, घोंगडी चौकोनी घडी करून ठेवायला शिकवले, पहाटे चारला उठवून ओढ्यापर्यंत पळवले. मायेचा एक शब्द बोलले नाहीत. रंगरुटाला पहिल्या महिन्यात काय सोसावे लागते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी त्यातले जेवढे घरीच आधी सोसवून घेता येईल तेवढे घेतले. आई त्यांना कठोर म्हणायची. पण गाडी सुटल्यावर स्टेशनाच्या नळाखाली डोके धरून बराच वेळ उभे राहिले ते वडील. तिला अज्ञाताची भीती होती, त्यांना माहितीची.

आता जरा अप्रिय बोलतो. आमच्या वस्तीतला एक मुलगा १९८० नंतरच्या काळात प्रशिक्षणातून परत आला. गुडघ्याचे दुखणे, वैद्यकीय कारण. त्यात त्याचा दोष काहीच नव्हता. भरतीच्या वेळी वस्तीने त्याची मिरवणूक काढली होती, निळा गुलाल उधळला होता. परत आला तेव्हा त्याच्याकडे कोणी फिरकले नाही. त्याचे आईबाप कित्येक दिवस दाराबाहेर पडले नाहीत, आणि पोरगा पुढे मुंबईला गेला तो परतलाच नाही. समाजाचा मान एका पोराच्या गुडघ्यावर उभा करायचा, आणि गुडघा दुखला की आईबापांनी तोंड लपवायचे, ही कोणती अस्मिता? पत्रात पोरगा ‘झोप येत नाही’ असे लिहितो तेव्हा इतर आईबाप म्हणू शकतात, ‘नको असेल तर ये बाबा परत.’ आमच्या आईबापांना हे म्हणता येत नाही. परत येणे म्हणजे पुन्हा त्याच चावडीसमोर येणे, हे त्यांच्या हाडांत बसलेले आहे. वतन जाऊन साठ-पासष्ट वर्षे झाली तरी बसलेले आहे.

आणि नेमका हाच प्रश्न आता नव्या रूपात उभा आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यातच सहा-सात महिन्यांचे प्रशिक्षण. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम, उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी, पेन्शन नाही. पूर्वी शिपायाने पंधरा वर्षे काढली की पेन्शन होती, आणि त्या पेन्शनीवर आमच्या किती घरांतल्या पोरी शिकल्या! योजनेच्या बऱ्यावाईटाची लष्करी चर्चा जाणकारांनी करावी. मी पाहतो तो आईबापांच्या बाजूने. आजीला आणि आईला पोराच्या जाण्याशी जमवून घ्यावे लागले. आजच्या आईला त्याच्या जाण्याशी आणि, चारांतले तिघे परतणार हे गृहीत धरून, त्याच्या येण्याशीही एकाच वेळी जमवून घ्यावे लागते. एकविशी-पंचविशीतला पोरगा ट्रंक घेऊन दारात उभा राहील तेव्हा वस्ती त्याचे काय करील? १९२१ साली पलटण मोडल्यावर जे झाले त्याची आठवण कोणाला आहे?

मुलीही आता जात आहेत. लष्करी पोलीस दलात भरती झालेल्या महिलांची पहिली तुकडी २०२१ मध्ये बंगळूरहून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. लेक सासरी धाडण्याची रडगाणी आपल्याकडे पुष्कळ आहेत. लेक पलटणीत धाडण्याची रीत अजून कोणत्याच आईने घडवलेली नाही. ती घडताना कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे. निदान या वेळी तरी.

माझ्या भावाचा नातू गेल्या वर्षी अग्निवीर म्हणून भरती झाला. मोबाइल रोज हाती येत नाही. रविवारी थोडा वेळ बोलणे होते. त्याची आई पदवीधर आहे, नोकरी करते. शनिवारी रात्री ती फोन चार्जिंगला लावते आणि दोनदा उठून पाहते. काय बोलतेस, असे मी तिला विचारले. म्हणाली, ‘काका, तो खुशाल आहे म्हणतो. मी विचारते, खरं सांग, झोप येते का? मग तो सांगतो. कधी रडतोसुद्धा. मी ऐकून घेते.’ वस्तीत कोणाला तिने हे सांगितलेले नाही. मला सांगताना तिने आधी दार लोटून घेतले होते. शपथविधीच्या संचलनाला ती आणि माझा पुतण्या गेले. तेथे जवानांच्या आईबापांना गौरव पदक दिले जाते, तसे त्यांनाही मिळाले. घरी आल्यावर पुतण्याने ते बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावायला खिळा ठोकला. तिने ते काढले आणि कपाटात, पोराच्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या पिशवीत ठेवले. म्हणाली, ‘चार वर्षं होऊ देत. मग बघू कुठं लावायचं ते.’